पेणची नायडॉक्टर

स्वतःची ओळख ‘मी कोण नाही’ इथून करून देणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या पेणमध्ये उलटा कारभार. इथे नगरसेवकाचा मेहुणासुद्धा खोकल्याचं औषध घ्यायला आला की आधी नगरसेवकाचं नाव सांगतो, खोकला मग. आणि ही मुलगी समोर बसलेल्या दुखऱ्या माणसाला पहिलं वाक्य सांगायची, “मी डॉक्टर नाय. मी गोळ्या देत नाय. आणि मी अजून सायकॉलॉजिस्ट पण झालेली नाय. आता बोला.” ते ऐकून निम्मे लोक उठून जातील असं मला वाटायचं. पण कुणी उठत नसे. उलट माणसं पाठ टेकून बसत आणि बोलू लागत. लोकांनीच तिचं नाव पाडलं, नायडॉक्टर.

खरं नाव वैशाली. हमरापूरची. वडील गणपतीच्या कारखान्यातले जुने कारागीर. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. माझं एसटी स्टँडजवळ मेडिकल आहे आणि मागे माल ठेवायची एक खोली. वैशाली तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. होऊन रोह्याच्या एका शाळेत मुलांची समुपदेशक म्हणून जायची. रोज पेणहून एसटीने जा, एसटीने ये. शाळेतली मुलं बोलू लागली, मग त्यांच्या आया बोलू लागल्या, आणि मग आयांच्या माहेरची माणसं पत्ता विचारत आली. एका रविवारी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “काका, मागची खोली रविवारी देता? बसायला खोकी चालतील.” मी दिली. ती कफ सिरपच्या खोक्यावर बसायची आणि आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची.

त्या खोलीत ती करायची काय, तर ऐकायची. आणि ज्याला खरोखरच्या डॉक्टरची गरज आहे त्याला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात पाठवायची. पाठवायची म्हणजे काय, पुष्कळदा स्वतः एसटीत बसवून घेऊन जायची. वेडाच्या डॉक्टरकडे एकट्याने जायला कोण तयार होतो? बरोबर ही असली की लोक घरी सांगत, वैशूबरोबर अलिबागला कामाला गेलो होतो.

मी स्वभावाने चोंबडा आहे, हे गावाला ठाऊक आहे. मी तिला म्हणायचो, “अगं, बोर्ड लाव ना. एम.ए. आहेस. रस्त्यावर बघ, ज्याला थर्मामीटर वाचता येत नाही त्याने ‘क्लिनिक’ लिहिलंय. तुला कोण विचारतंय?” ती माझ्या भिंतीकडे बोट दाखवायची. तिथे माझं फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन फ्रेम करून टांगलेलं आहे, नियमच आहे तसा. “तो कागद नसता तर तुम्ही त्या काउंटरमागे उभे राहिला असता का?” यावर मी खाकरून गिऱ्हाईकाकडे वळायचो.

एम.ए. झालं की माणूस सायकॉलॉजिस्ट होतो, ही माझी समजूत तिनेच मोडली. एम.ए. म्हणजे नुसतं दारापर्यंत. पुढे दिल्लीच्या सरकारी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम, तोही मोठ्या इस्पितळात, पूर्ण वेळ, दोन वर्षं. त्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि प्रवेशपरीक्षेला देशभरातून पोरं. आत गेलं की अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली पेशंट बघायचे, प्रत्येकाची हकीकत लिहून काढायची, चाचण्या घ्यायच्या, आणि आपण काय बोललो, का बोललो याचा जाब वरिष्ठांना द्यायचा. प्रबंध वेगळा, लेखी वेगळी, तोंडी वेगळी. हे सगळं पार पडलं की परिषदेकडे अर्ज, आणि मग नोंदणीचा नंबर. “तो नंबर आला की मी सायकॉलॉजिस्ट,” ती म्हणायची. “तोपर्यंत नाय.” मी विचारलं, मग त्यानंतर तरी गोळ्या देता येतील ना? म्हणाली, तरी नाय, गोळ्या सायकिअ‍ॅट्रिस्टनेच द्यायच्या. दुकानात उभी असलेली एक म्हातारी हे ऐकत होती. ती कळवळून म्हणाली, “एवढा शिकून गोली पन नाय? मंग शिकतंस कशाला गो?” वैशाली एवढी हसली की खोक्यावरून पडायची राहिली.

पनवेलचा एक गृहस्थ मध्यंतरी तिच्याकडे खेपा घालत होता. त्याचं म्हणणं, मुंबईच्या एका मॅडमचा नोंदणी नंबर आहे, बोर्डावर नाव त्यांचं लावू, बसायचं तू. पेण, रोहा, नागोठणे, सगळीकडे शाखा काढू. ती त्याला म्हणाली, “दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून मी एसटी चालवली तर तुम्ही बसाल का तिच्यात?” तो पुन्हा आला नाही. हा हट्ट तिच्यात कुठून आला हे मला हमरापूरला गेल्यावर कळलं.

आबांच्या कारखान्यात माती मळण्यापासून दागिने रंगवण्यापर्यंत कुणीही कशालाही हात लावावा, पण डोळ्यांची आखणी फक्त आबांची. मूर्ती पूर्ण सुकल्यावर, सगळे रंग झाल्यावर, शेवटी. त्यासाठी एक बारीक ब्रश होता, आणि तो ते कानावर खोचून फिरायचे. वैशाली लहानपणापासून तो मागायची. “आबा, एक डोळा काढू?” आणि आबांचं उत्तर ठरलेलं, “अजून नाय.” चांगलं चित्र काढणारी पोर, तरी अजून नाय. मी एकदा तिची बाजू घेतली तर आबा म्हणाले, “डोला चुकला का देव बघतच नाय हो. मंग तो नुसता मातीचा गोला.” असा हा माणूस. म्हणून पुढे जे झालं त्याचं मला आजही नवल वाटतं.

दोनदा हुकल्यावर तिसऱ्या खेपेला वैशालीला प्रवेश मिळाला. ती शाळा सोडून लांबच्या शहरात इस्पितळाच्या वसतिगृहात राहायला गेली. ती गेली आणि आठवड्याभरात हमरापूरच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. दवाखान्याच्या खिडकीएवढा नव्हे, एसटीच्या टपाएवढा. एम.ए.च्या पदवीदानाचा काळा झगा घातलेला तिचा फोटो, आणि खाली लाल-पिवळ्या अक्षरांत, ‘आमच्या गावची कन्या डॉ. वैशाली मानसोपचारतज्ज्ञ झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. शुभेच्छुक म्हणून मंडळाच्या सगळ्या पोरांचे फोटो, आणि मधोमध आबा, फेटा बांधून.

मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला. मला वाटलं हसेल. तिचा लगेच फोन आला आणि आवाज रडवेला. “काका, यात एकही शब्द खरा नाही. मी आत्ता कुठे दारात पाऊल टाकलंय.” तिने आबांना उतरवायला सांगितलं. आबा म्हणाले उतरवतो. उतरवला मात्र नाही. मी विचारलं तर म्हणाले, “र्‍हाऊ द्या हो. पोर्गी होनारच हाय ना? दोन वर्सा आदी लागला तं काय बिगारला?” ज्याने मुलीला एक डोळा काढू दिला नाही, तो हे बोलत होता. अभिमान माणसाला आंधळा करतो असं पुस्तकात वाचलं होतं, तेव्हा ते प्रत्यक्ष पाहिलं.

काय बिघडलं ते सांगतो. आबांच्या शेजारी हरेश राहायचा. डोलवीला कंपनीत कंत्राटावर कामाला. तिशीतला, अबोल, कष्टाळू. त्याला झोप येईनाशी झाली, आणि शिफ्टमधली माणसं आपल्याबद्दल बोलतात, आपल्या डब्यात काहीतरी घालतात असं त्याला वाटू लागलं. त्याच्या बायकोने, सुरेखाने, आधी अंगारे-धुपारे केले आणि मग त्याला माझ्या मागच्या खोलीत आणलं. वैशालीने त्याला अलिबागला नेलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, हळूहळू झोप लागली, तो पुन्हा शिफ्टला जाऊ लागला. दर महिन्याला गोळ्या माझ्याकडून न्यायचा. पुड्या खिशात घालताना एकदा म्हणाला होता, “आवाज बसलाय आता डोक्यातला.”

फ्लेक्स लागल्यावर काही महिन्यांनी हरेश गोळ्या न्यायला आला नाही. मी वाट पाहून मासळीबाजारात सुरेखाला गाठलं. ती आनंदाने म्हणाली, “आता अलिबागला कशाला जायाचा? आपली वैशू डाक्टर झाली ना. मे महिन्याच्या सुट्टीत येल, मंग तीच देल गोल्या. परक्याच्या गोल्या कवर खायाच्या?” मी डोक्याला हात लावला. एक तर ती डॉक्टर नाही, दुसरं म्हणजे इस्पितळाला मेची सुट्टी नसते. मी हे सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली, पण फाट्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं खोटं आणि मेडिकलवाल्याचं खरं, असं कसं होईल?

मी वैशालीला कळवलं. तिने सुरेखाला फोन केला, हरेशला केला, आबांना केला. “व्हय व्हय, जातो,” असं सगळे म्हणाले. कुणी गेलं नाही. पेणमध्ये ‘व्हय व्हय’ दोनदा म्हटलं की काम झालं नाही समजावं.

मग एप्रिलच्या शेवटी एका सकाळी हरेश शिफ्ट अर्धी टाकून निघाला आणि खाडीच्या बांधावर जाऊन बसला. हातात कोयता. बाजूला मिठागरं, मिठाचे ढीग उन्हात चमकणारे, आणि मधोमध हा. जवळ कुणी गेलं की उभा राहायचा. बायकोलाही येऊ देईना. “समदे खोटा बोलतान. वैशूला बोलवा,” एवढंच म्हणे. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून कशीबशी समजूत घालून त्याला घरी आणलं, पण दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पुन्हा तिथेच. तोवर सुरेखाने वैशालीला फोन केला होता. फोनवर नुसती रडत होती.

वैशालीची वर्षाची परीक्षा तोंडावर होती. त्या वर्षी आजारपणात तिची सुट्टी आधीच संपली होती. तिच्या तिथल्या मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, तुझं तू ठरव. ती मिळेल त्या गाडीने निघाली. दुपारी स्टँडवर उतरली, मी रिक्षा घेऊन थांबलो होतो. फाट्यावर आल्यावर तिने मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होती. त्यावरच्या तिच्या गालावर कावळे शिटले होते.

बांधावर ती एकटी गेली. आम्ही हाकेच्या अंतरावर थांबलो. ती त्याच्यापासून थोडी लांब खाली बसली आणि नेहमीचंच वाक्य बोलली, “हरेशदादा, मी डॉक्टर नाय.”

हरेश खेकसला, “फलकावर लिवलाय!”

“फलक खोटा हाय.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं आता उठतो. मग तो हळूच म्हणाला, “मना वाटलाच व्हता.” आणि कोयता त्याने बाजूला ठेवला.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. महिनोन् महिने तो म्हणत होता, सगळे खोटं बोलतात, आणि सगळे त्याला सांगत होते, नाही रे बाबा, कुणी खोटं बोलत नाही. खोटं तर साऱ्या गावाने फाट्यावर टांगलं होतं. ते खोटं आहे असं सांगणारी ही पहिलीच. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला अलिबागला दाखल केलं.

तिथे तो फक्त तिचं ऐके. सुरेखा घरी लहान मुलांपाशी अडकलेली. तो सावरून सुरेखावर भरवसा ठेवू लागेपर्यंत वैशाली अलिबागला थांबली. हजेरी गेली, परीक्षा गेली. पुढच्या परीक्षेपर्यंत थांबणं आलं, सगळंच लांबलं. मी त्या नियमाला चार शिव्या हासडल्या. ती उलट माझ्यावरच चिडली. “नियम बरोबर आहे काका. तिथेही माझे पेशंट होते. मी त्यांना मध्येच टाकून आले, त्यांचं काय?” आणि मग जे बोलली ते मी विसरलो नाही. “बांधावर मी जे बोलले ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तो कोयता घेऊन उठला असता तर? चालून गेलं म्हणजे बरोबर होतं असं नाही. मला झोप लागत नाही काका.” लोक तिला शाबासकी देत होते आणि ती आतून हादरली होती. सगळं सोडून परत शाळेत लागते, असंही एकदा म्हणाली. त्या दिवसांत तिचा चेहरा बघवत नव्हता.

जायच्या आधी ती आबांना भेटायला कारखान्यात गेली. मी बरोबर होतो. मेचा सुमार, फळ्यांवर कच्च्या मूर्ती ओळीने सुकत ठेवलेल्या. ती अलिबागहून घरी येऊन तीन दिवस झाले, तरी आबा तिच्यासमोर आले नव्हते. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही. एका ओल्या मूर्तीपाशी उभी राहून म्हणाली, “आबा, ओल्या मूर्तीचे डोळे आखलेत का तुम्ही कधी?”

आबांनी कानावरचा ब्रश काढला, हातात फिरवला, पुन्हा कानावर ठेवला. मग बाहेर पडले. शिडी खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत गेले आणि एवढ्या वयाचा माणूस स्वतः वर चढून फ्लेक्स सोडवू लागला. पोरं धावली, त्यांना हात लावू दिला नाही. गावात लगेच चर्चा झाली, नापास झाली वाटतं, म्हणून उतरवला. आबांनी ते ऐकून घेतलं. कुणाला खुलासा केला नाही.

वैशाली परत गेली. राहिलेली परीक्षा दिली, पुढचं वर्ष केलं, प्रबंध लिहिला. तिचा फोन आला की मी आधी विचारायचो, झोपतेस का? कधी ‘हो’ म्हणायची, कधी विषय बदलायची. हरेश बरा राहिला. कंपनीतलं काम गेलं ते गेलंच. आता आबांच्याच कारखान्यात माती मळतो. दर महिन्याला गोळ्या न्यायला येतो आणि मला बजावून सांगतो, “ती झाली तरी गोल्या बंद नाय करायच्या. तीच बोललीय.”

इकडे आबांचे हात थरथरू लागले. एका हंगामात आखणी करताना रेघ हलली, आणि त्या दिवसापासून त्यांनी मूर्तीला हात लावला नाही. ब्रश तेवढा काही दिवस कानावर राहिला, मग तोही दिसेनासा झाला. कारखाना रिकामा झाला, गणपती घरोघरी गेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा गेले. वैशालीची शेवटची तोंडी परीक्षा झाली होती, परिषदेकडे अर्ज गेला होता. नंबर यायचा होता.

तो आला त्या हिवाळ्यात. तिने पेणमध्ये बसायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणाली, “इथे मी अजून फ्लेक्सवरचीच आहे काका. रोह्याला लोकांनी मला शाळेत मुलांशी बोलताना पाहिलंय, तिथे बरं.” माझी मागची खोली रिकामी झाली. जाताना एक जुनं खोकं मागून घेऊन गेली, बसायला. मी त्या खोलीत पुन्हा माल भरला, पण रविवारी अजून चुकून दिवा लावतो.

मागच्या महिन्यात रोह्याला तिच्याकडे जाऊन आलो. बाजारातल्या एका जिन्याच्या वर छोटी जागा. दारावर लाकडी फळी, आबांनी रंगवलेली. हात थरथरायच्या आधी कधीतरी गुपचूप करून त्यांनी ती कारखान्याच्या माळ्यावर ठेवली होती, ते गेल्यावर आवराआवर करताना सुरेखाला सापडली. वैशालीचं नाव, वळणदार अक्षरांत. ‘डॉ.’ नाही. खाली ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’, त्याखाली ‘नोंदणी क्र.’ आणि पुढे कोरी जागा. ती आता भरलेली होती, पण ते आकडे आबांचे नव्हते. वाकडेतिकडे, शेवटचा तर पार घसरलेला. शाळकरी पोराने काढावेत तसे.

“पेंटर मिळाला नाही का गं चांगला?” मी विचारलं.

“मीच काढले,” ती म्हणाली. “हात कापत होता.”

तेवढ्यात जिना चढून एक बाई आपल्या सुनेला घेऊन आली. दारातूनच तिने विचारलं, “डाक्टर तुमीच ना?” वैशालीने दोघींना खुर्च्या दिल्या, स्वतः खोक्यावर बसली आणि म्हणाली, “नाय मावशी, मी डॉक्टर नाय.”

मी निघालो. जाता जाता फळी जरा कललेली दिसली म्हणून सरळ करायला हात लावला, तर मागे काहीतरी अडकलं. बघतो तर सुतळी, आणि सुतळीला बांधलेला आखणीचा तो बारीक ब्रश, टोकाला त्या आकड्यांचाच रंग. फळी सापडली तेव्हाच तो तिथे बांधलेला होता, असं सुरेखाने मला नंतर सांगितलं.